पाटात बसलेला गडी

लई मागं, इतकं मागं की तवाच्या राजाचं नावबी आता कुणाला ठावं न्हाई, डोंगराच्या पायथ्याला एक गाव व्हतं. गावाला पाणी एकाच पाटानं यायचं. वरल्या आन् खालल्या आळीनं ते पाळीपाळीनं शेताला घ्यायचं.

त्या गावचा सटवाजी राजाच्या लढाईत गेला. लढाई कशापायी झाली ते मला इचारू नका, राजालाबी सांगता आलं नसतं. सटवाजीच्या गुडघ्यात भाला घुसला. तीन दिस त्यो वगळीत, म्हंजी ओढ्याच्या घळीत, पडून ऱ्हायला. मग एका धनगरणीनं त्येला बघितला, मेंढीचं दूध पाजलं, वैदाकडं न्हेला. वैदानं पाय मांडीतनं कापला. गडी जगला आन् कुबडीवर घरी आला.

गावानं त्येला वाजतगाजत आणला. पर त्या गावात एक खुळी रीत व्हती. लढाईत रगत सांडलेल्या माणसानं पुन्हा काडीबी उचलायची न्हाई. उचलली, तर गावाची अब्रू गेली. रोज एका घरचं ताट त्येच्या म्होरं यायचं. त्येनं खुरपं धरलं की कुणीतरी हळूच काढून घ्यायचं आन् म्हणायचं, "तुम्ही बसा." बायका पाया पडायच्या, त्याबी म्हणायच्या, "बसा." लोकांच्या मनात पाप नव्हतं. अक्कल नव्हती, एवढंच.

वरीसभर सटवाजी चावडीच्या कट्ट्यावर बसला. एकदा बायकोला म्हणाला, "राहे, वैदानं एक पाय कापला. ह्ये गाव मला रोज थोडंथोडं कापतंय."

सकाळी राहीनं शेंगांची पाटी त्येच्या म्होरं ठेवली आन् कुणी बघू नये म्हणून दार लोटून घेतलं. दोघांनी मिळून शेंगा फोडल्या. त्या दिशी गडी पोटभर जेवला.

त्याच साली म्हातारा पाटकरी वारला. पाटकरी म्हंजी पाण्याची पाळी मोजणारा. बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. ठरल्या येळा ती बुडाली की एका आळीची पाळी संपली. म्हातारा गेला आन् दोन्ही आळ्या त्या वाटीवरनं भांडाय लागल्या. तुम्ही भोक कोरून मोठं केलं, तुम्ही मेणानं बारीक केलं. शेवटी एका सकाळी कुऱ्हाडी घिऊन पाटाच्या तोंडाशी उभ्या ठाकल्या.

सटवाजी कुबडी टेकत आला. कुणीतरी म्हणालं, "दादा, बाजूला बसा, लागंल."

त्यो बाजूला न्हाई, पाटातच बसला. कमरेपतूर पाण्यात, दोघांच्या मधी.

"बसलो," त्यो म्हणाला. "आता मारा."

कुऱ्हाड कुणी उचलंना. सटवाजी पाण्याकडं बघत बोलाय लागला.

"वगळीत माझ्याशेजारी एक पडला व्हता. वैरी. त्येचा भाला माझ्या गुडघ्यात, माझी तलवार त्येच्या पोटात. दुसऱ्या दिशी त्यो म्हणतो, आज माझी पाण्याची पाळी हाय, बायको एकटीच वावरात दारं धरत आसंल. सांजपतूर तेच बोलला, मग गप झाला. मी त्येचं नावबी इचारलं न्हाई." त्येनं मान वर केली. "तुमची तर मला समद्यांची नावं ठावं हायती रं."

वरल्या आळीचा दगडू लई तापट. त्येनंच आधी कुऱ्हाड टाकली आन् दादाला उचलाय पाण्यात उतरला. सटवाजीनं त्येचा हात झटकला.

"मला उचलू नगं. ती वाटी दे."

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. रीत आडवी येत व्हती. मग खालल्या आळीच्या म्हाताऱ्या पाटलानं घंगाळ आन् वाटी सोता आणून त्येच्या पुढ्यात ठेवली.

दुसऱ्या सकाळी सटवाजी पाटाच्या कडंनं खेकड्यांची बिळं चिखलानं बुजवत चालला व्हता. वावरातनं एक बाई खेकसली, "अवो पाटकरी, आमचं पाणी सोडताय का झोपलाय?"

वरीसभरात त्येला कुणी रागानं बोललं नव्हतं. "सोडतो की, दम धर जरा," त्योबी खेकसला, आन् चिखलाच्या हातानंच डोळं पुसलं.

पुढं अठरा वरसं त्येनं पाणी वाटलं. त्या पाटावर पुन्हा कुऱ्हाड निघाली न्हाई.

ल्हानथोरांनो, ध्यानात ठेवा: घायाळ माणसाच्या पाया पडून थांबू नका, त्येच्या हाताला काम द्या, तोच त्येचा खरा मान.