कबुलीची टेकडी

वस्ती खाली नदीकाठी आणि आमचे ख्रिस्ती देऊळ वर टेकडीवर, असे उलटे का, हे आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो. म्हातारी माणसे धापा टाकत चढतात. वऱ्हाडे चढतात. मयतही आधी वर आणावी लागते आणि मग मातीसाठी खाली न्यावी लागते. तरी देऊळ हलवलेले नाही, हलणारही नाही.

दारासमोर हा सपाट काळा दगड आहे. त्यावर बसू नका. आमच्यातले कोणी बसत नाही. उपासनेच्या वेळी एकच माणूस त्यावर उभा राहतो, एक वाक्य बोलतो आणि उतरतो. ते वाक्य कोठून आले ते सांगतो. सावलीत या.

तेव्हा मंडळी नवी होती. अकरा घरे. बाप्तिस्मा होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. गावाने आडावर येऊ देणे बंद केले होते, म्हणून ही घरे नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी भरत. पाळक तीन महिन्यांतून एकदा तट्टावर बसून येई. एरवी मंडळी स्वतःच गाई, स्वतःच प्रार्थना करी, आणि ज्याच्यावर पवित्र आत्मा उतरे तो बोले.

सगुणाबाई नावाची विधवा होती. सुईणपण करी. प्रार्थना रंगात आली की तिची जीभ वेगळीच चाले, असे सांगतात. ती भाषा ना मराठी, ना कानडी, ना साहेबाची. डोळे मिटलेले, अंगाला घाम, आणि आवाज खणखणीत. संपले की तिला काही आठवत नसे, म्हणे.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांपासूनचा नियम आहे. अन्य भाषेत कोणी बोलले तर दुसऱ्याने अर्थ सांगावा. सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने गप्प राहावे. आमच्या मंडळीत अर्थ सांगणारा होता. भागाजी मकासरे. त्याने एकदा सांगितले, इथे दोन भाऊ एकमेकांवर राग धरून बसले आहेत. दोन भाऊ रडत उठले आणि गळ्यात पडले. दुसऱ्यांदा सांगितले, आजारी माणूस उठेल. लहानू बोर्डे तापाने पडला होता, तो सातव्या दिवशी उठला. ताप बहुधा सातव्या दिवशी उतरतोच. पण तेव्हा लोक भागाजीच्या तोंडाकडे बघू लागले, आणि त्यालाही ते आवडू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात सगुणाबाई लागोपाठ तीन रविवार बोलली. पहिल्या रविवारी भागाजीला काही कळले नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी ती बोलता बोलता रडायला लागली. सगळे घाबरले. बायकांनी पोरे जवळ ओढली. मागून कोणीतरी म्हणाले, "भागाजीवरचा हात काढला वाटतं देवानं."

ते त्याला लागले. त्या सकाळी त्याने बांधावर मुंग्या अंडी घेऊन चढताना पाहिल्या होत्या. तो उठला आणि म्हणाला, "नदी येणार आहे. वस्ती सोडा. उंचावर जा."

आठवड्याच्या आत अकरा घरे मोडून या टेकडीवर आली. इथे तेव्हा बाभळी आणि दगड होते. पाण्याचा थेंब नव्हता. बायका पुन्हा त्याच नदीत उतरून झिऱ्यातून पाणी भरत आणि इतका चढ चढून आणत. एक बाई भरी, दुसरी वरच्या अंगाला बघत उभी राही. पाणी आले तर ओरडायचे, असे ठरलेले. मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरड्या गेल्या. गावचे लोक खालून हाका मारत, "काय मकासरे, नदी वाटेत कुठं मुक्कामाला थांबली का?"

 भागाजीला रोज वाटे, आज खरे सांगावे. रोज वाटे, आज रात्री पाऊस पडेल आणि सांगावे लागणार नाही. त्याचे अन्न तुटले.

त्याची सून राहेल पोटुशी होती. पहिलटकरीण. मुलगा यशवंत रेल्वेच्या खडी फोडायच्या कामावर लांब गेलेला. आठव्या महिन्यात ती दोन घागरी घेऊन चढून आली, घागरी उतरवल्या आणि सासऱ्याला म्हणाली, "मामा, देव दिवस नाही का हो सांगत? मला आता चढवत नाही."

भागाजी म्हणाला, "देवाला दिवस विचारू नये."

हे उत्तर त्याला मरेपर्यंत चावत होते, असे सांगतात.

सहावा आठवडा चालू होता. राहेलला सकाळी कळा लागल्या. दुपार झाली तरी सुटका नाही. सगुणाबाई पालातून बाहेर आली ती हात पुसतच. म्हणाली, "पोर आडवं आलंय. माझ्या हातचं नाही. बाज उचला, नदीपलीकडं मिशनच्या डॉक्टरीणबाईकडं न्या. संध्याकाळपर्यंत थांबलात तर दोन्ही जातील."

कोणी हलले नाही. त्या दिवशी डोंगराकडे आभाळ काळे झाले होते. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

लहानू बोर्डे म्हणाला, "पात्रात उतरायचं? आज? वर बघ की. तूच सांगितलंस ना भागाजी, नदी येणार म्हणून? माझी पाच पोरं हायेत."

आतून राहेलचे ओरडणे येत होते. भागाजी या दगडावर चढला. मागच्यांनाही ऐकू जावे म्हणून चढला.

"मला कळलं नव्हतं," तो म्हणाला. "सगुणा काय बोलली ते मला कळलं नव्हतं. मी सांगितलं ते माझं होतं."

 मग सगुणाबाई बोलली, "सहा आठवडे माझ्या जिभेवर बायांकडनं पाणी वाहवलंस होय रं, मुडद्या?"

लहानूने विचारले, "म्हंजे नदी येणार नाही?"

इथे नीट ऐका. नाही म्हटले असते तर बाज लगेच उचलली गेली असती. सून त्याची, नातवंड त्याचे. सगळे त्या एका शब्दासाठी थांबले होते. आणि तो शब्दही पुन्हा त्याचाच झाला असता.

"तेही मला कळत नाही," भागाजी म्हणाला.

तो उतरला आणि बाजेच्या डोक्याकडचा एक खूर त्याने धरला. एकट्याने बाज उचलत नाही. तो वाकून तसाच राहिला. पुष्कळ वेळ गेला, असे सांगतात. मग लहानू पुढे आला. "शिव्या मागनं देतो," म्हणाला, "आधी नीट धर. खांद्यावर घे." मग आणखी दोघे आले.

पात्र दोनशे पावलांचे. वाळूत पाय रुतत होते. बायका टेकडीच्या कडेला ओळीने उभ्या राहून वरच्या अंगाला बघत होत्या, ओरडायला तोंड उघडे ठेवून. मध्यावर गडगडले. चौघे जागीच थिजले. सगुणाबाईने मागच्याच्या पाठीत बुक्की घातली, "आभाळ हाय ते. चला." ते चालले.

नदी आली नाही. दिवस मावळायच्या आत डॉक्टरीणबाईने मूल काढले. मुलगा. राहेलही वाचली.

वस्ती पुन्हा खाली गेली. भागाजीशी वर्षभर कोणी धड बोलले नाही. पाळक आल्यावर त्याने स्वतःच शिक्षा मागितली. मंडळीने ठरवले, दर रविवारी त्याने त्याच दगडावर चढून 'मला कळलं नव्हतं' हेच वाक्य बोलावे. ते ऐकायला मंडळीला वर यावे लागे. म्हणून उपासना वर होऊ लागली, आणि पुढे देऊळही इथेच बांधले. भागाजी एकोणीस वर्षे बोलला. त्याच्यामागे त्याच्या घरातला माणूस बोलतो.

पूर आला का, असे तुम्ही विचारणारच. आला. छत्तीस वर्षांनी. सात घरे गेली, तीन माणसे गेली. लोक म्हणू लागले, भागाजी खरा होता, आता ते वाक्य बंद करा. त्या रविवारी राहेलचा तो मुलगा चिखलाच्या कपड्यांनी वर आला, दगडावर चढला आणि तेच वाक्य बोलला. नदी म्हटली की कधीतरी येतेच. आमच्या घरात भागाजीला खरा म्हणू देत नाहीत. अहोजाहोही करू देत नाहीत. त्यानेच तसे सांगून ठेवले आहे.

राहेलचा तो मुलगा म्हणजे माझा बाप.

आजही उपासनेत कोणी अन्य भाषेत बोलले की पाळक तीनदा विचारतात, अर्थ कोणाला कळला? मग मी दगडावर चढतो आणि म्हणतो, मला कळले नाही. मंडळी म्हणते, आम्हांलाही कळले नाही. त्यानंतर कोणाला खरेच काही सांगायचे असेल तर त्याने सांगावे. फार थोडे उठतात.

गेल्या रविवारी एक बाई बोलता बोलता रडली. डोंगराकडे आभाळ काळे झाले होते. मी दगडावरून उतरलो तर लहानूच्या पणतूची बायको कडेवर पोर घेऊन वाटेत उभी. म्हणाली, "बाबा, यंदा पाणी येणार नाही ना?"

तिचे घर अगदी काठावर आहे. नाही म्हणावेसे फार वाटले. मी तिला तेच सांगितले, जे भागाजीने लहानूला सांगितले होते. मग तिची पेटी उचलून वर आणायला गेलो.