पारूबाईच्या दगडाचा दुजोरा

एका गावात दगडवेड्यांचं एक मंडळ होतं. मंडळाचा एक नियम होता, आणि त्या नियमाला कधी ‘का’ म्हणून विचारायचं नाही, हा दुसरा नियम होता. पहिला असा: प्रमुखाने दगड हातात घेऊन तो कसला ते सांगितलं, की दुसऱ्या मानकऱ्याने दगडावर तळहात ठेवून ‘दुजोरा’ म्हणायचं. त्यानंतर त्या दगडाला पुन्हा लोहचुंबक लावायचा नाही, कानस लावायची नाही, आणि शंका तर नाहीच नाही.

गावाबाहेर मोठा माळ होता. पणज्यांच्या काळात एका दुपारी तिथे आकाशातून दगडांचा सडा पडला, आणि तेव्हापासून गावातल्या काही घरांना उल्कांचा नाद लागला. माळ तुडवायचा, काळा दगड दिसला की उचलायचा, आणि मंडळात आणायचा. दरवर्षी संक्रांतीनंतर मेळावा भरे. लांबलांबचे छांदिष्ट आपापले दगड रुमालात गुंडाळून आणत आणि दगडाला दगड अशी अदलाबदल करत. ह्या मंडळाने ‘आकाशाचा’ म्हटलं की तो आकाशाचा, ‘जमिनीचा’ म्हटलं की जमिनीचा. पुढे कुणी बोलत नसे.

प्रमुख होते तात्या राजोपाध्ये. त्यांची नजर खरोखर पक्की होती. दुजोरा देत गुळवणी मास्तर. त्यांना मोतीबिंदू होऊन वर्षं लोटली, तरी दुजोरा त्यांचाच. गावातले टवाळ म्हणत, “मान हलवायला डोळे कशाला लागतात?”

आश्लेषा ह्याच मंडळाच्या ओसरीवर लहानाची मोठी झाली. परकर-पोलक्यातली असताना तिने एकदा माळावरून एक जड, काळा, चमकदार दगड छातीशी धरून आणला. तात्यांनी तो हातात घेतला आणि लगेच म्हणाले, “हा आकाशाचा नव्हे. जुन्या लोहारभट्टीची मळी आहे, लोखंड गाळून उरलेली. ही भोकं बघ. आकाशातून येणाऱ्या दगडाला अशी भोकं नसतात.” पोर रडली. मग तात्यांनीच तिला जवळ बसवून खरी उल्का कशी ओळखायची ते शिकवलं. “नुसत्या लोहचुंबकावर जाऊ नकोस. आपला काळा कातळही थोडाफार ओढ दाखवतो. साल बघ. हवेतून जळत येतो ना, त्याला करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी पातळ साल असते. आणि कुठे टवका उडाला असेल तर आत बघ. राखाडी अंगात चंदेरी कण.”

त्या वेळी तिने विचारलं होतं, “पण तात्या, पहिला चुकला तर दुसऱ्याने काय करायचं?”

“पहिला चुकत नसतो.”

“पण चुकला तर?”

“पोरी, हा प्रश्न ह्या ओसरीवर विचारत नाहीत.”

तिने तो गिळला. पुढे ती शहरात गेली, भूगर्भशास्त्र शिकली, आणि परत आली. यंदा गुळवणी मास्तर म्हणाले, आता माझ्याच्याने होत नाही, माझी जागा आश्लेषाला द्या. मंडळात बाईला मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. तिच्या वडलांनी आळीभर पेढे वाटले. लहानपणापासून तिला ह्याहून दुसरं काही नको होतं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, पारूबाई मंडळात आली. ओच्यात दगड होता. ओसरीवर मंडळी बसली होती. पारूबाई उंबऱ्याबाहेरच थांबली.

झालं होतं ते असं. तिच्या आणि तिच्या दिराच्या घरांमध्ये एकच भिंत. भिंतीवरून भांडण जुनं. त्या सकाळी मोठा आवाज झाला, आणि दिराच्या गोठ्याचा पत्रा फोडून एक दगड आत पडला. खाली बांधलेली शेळी जागेवर मेली. दीर ओरडत बाहेर आला आणि म्हणाला, पारूने दगड मारला. पारूबाई म्हणाली, दगड वरून पडला, मी हातसुद्धा उचलला नाही. आळी हसली. दिराने दगड तिच्या अंगणात भिरकावला. “तुझा दगड तुझ्या घरी. पुन्हा माझ्या दारात नको.” शेवटी गावातले चार जण बसले आणि त्यांनी ठरवलं: मंडळाने आकाशाचा म्हटलं तर बाई निर्दोष. जमिनीचा म्हटलं, तर तिने चावडीवर सगळ्यांसमोर दिराच्या पायांवर डोकं ठेवायचं आणि ‘मीच मारला’ म्हणायचं.

“तात्या, मला दगडाचं काही नको,” पारूबाई म्हणाली. “फक्त मी खोटं बोलले नाही, एवढं सांगा. घरात लेक उजवायची आहे. खोटारडीची लेक कोण करील?”

तात्यांनी दगड घेतला. मुठीएवढा, काळा. एका कोपऱ्याचा टवका उडालेला. त्यांनी तो फिरवला. अंगठा सालीवरून सरकत त्या टवक्यापाशी आला आणि तिथेच थांबला. आश्लेषा शेजारीच उभी होती. तिने तो अंगठा पाहिला, आणि अंगठ्याखालचे चंदेरी कणही पाहिले. तिच्या छातीत आनंद मावेना. ताजा दगड, आजच्या सकाळचा. असा मंडळाने कधी पाहिला नव्हता.

तात्या म्हणाले, “खडी आहे. रस्त्यावरची.”

पारूबाईने दगड परत घ्यायला हात पुढे केला.

“तिकडे खाणीत सुरुंग लावतात, तिथून उडाली असेल. नाहीतर कुणी मारली असेल. आकाशाची नव्हे, एवढं नक्की. दगड इथेच राहू दे. तुझ्या घरात भांडणाचं मूळ कशाला? बस जरा. दुजोरा झाला की जा.”

पारूबाई पायरीवर बसली. तात्या दगड घेऊन आतल्या खोलीत गेले. मागोमाग गुळवणी मास्तर, भिंत चाचपत. त्यांच्यामागे आश्लेषा. तिने दार लावून घेतलं.

“तात्या, तुम्ही चुकलात.”

“मी चुकलो नाही.”

तात्या ते इतक्या शांतपणे म्हणाले, की तिला सगळं कळलं. चूक असती तर तिने हात जोडून दाखवून दिली असती, आणि विसरलीही असती. ही चूक नव्हती.

“उद्या मेळाव्याला नदीपलीकडचे देशपांडे येतायत,” तात्या म्हणाले. “त्यांच्याकडे लोखंडी उल्का आहे. नुसतं लोखंड, कापून घासून आम्ल लावलं की आत नक्षी उमटते. मी तरुण होतो तेव्हापासून मागतोय. ते म्हणतात, ताजा पडलेला द्या आणि घेऊन जा. माळावर सापडला म्हणून सांगू. लोखंडी दगड आपल्या मंडळात येईल. माझ्यासाठी नव्हे, मंडळासाठी.”

“आणि ती बाहेर बसलीय तिचं काय?”

“तिला ह्या दगडाची किंमत आहे का? शेंदूर फासून बांधावर ठेवील, नाहीतर चुलीला लावील. पावसाळ्यात गंजून जाईल.”

“मी तिच्याबद्दल विचारलं. दगडाबद्दल नाही.”

मास्तर मध्ये पडले. “चार घटकांची मानहानी गं. ह्या लोकांची भांडणं उद्या मिटतात. तू दुजोरा दे आणि मोकळी हो. मी किती दिले, माझं काय बिघडलं?”

“तुम्हाला दिसत नव्हतं, मास्तर.”

“मला दिसत होतं तेव्हाही दिलेत,” मास्तर म्हणाले, आणि जणू मोठेपणाची गोष्ट सांगितली असे हसले.

आश्लेषाची कानशिलं तापली. ह्या माणसांच्या पाया पडत ती वाढली होती. ह्यांच्या समोर मोठ्याने हसायचं नाही, पाय पसरून बसायचं नाही, ‘का’ विचारायचं नाही. सगळं तिने पाळलं, कारण तिला वाटे, एवढं सोवळं राखतात त्याअर्थी आत काहीतरी पवित्र असणार. आत हे होतं. एक बाई पायरीवर, आणि तिची अब्रू उद्याच्या अदलाबदलीत.

तात्या तिच्याकडे न बघता म्हणाले, “नावातच आश्लेषा. सापाचं, डसणारं नक्षत्र. तुझ्या बापाला मी तेव्हाच सांगितलं होतं, दुसरं काहीतरी ठेव.” मग आवाज मऊ करून म्हणाले, “हे बघ, तुला जागा दिली ती मी. विरोध होता, तरी दिली. बाहेर चल. हात ठेव आणि एक शब्द बोल. नियम तुला ठाऊक आहे.”

सगळे बाहेर आले. तात्यांनी दगड चौरंगावर ठेवला. पारूबाई उठून उभी राहिली. पदराचं टोक तिने मुठीत इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मंडळी सरसावून बसली. हे काम नेहमीचं, दोन क्षणांचं.

आश्लेषाने दगडावर तळहात ठेवला. दगड गार होता.

“देत नाही,” ती म्हणाली.

कुणाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तात्या म्हणाले, “काय?”

“दुजोरा देत नाही. हा दगड आकाशाचा आहे.” तिने तो उचलून पारूबाईच्या पुढ्यात धरला. “मावशी, ही साल बघा. करपलेल्या भाकरीसारखी. आणि इथे, आत, हे चंदेरी कण. रस्त्याच्या खडीत हे मिळत नाहीत. हे मला तात्यांनीच शिकवलं, आणि त्यांनी माझ्याआधी हे पाहिलंय. तुम्ही खोटं बोलला नाहीत. दगड वरूनच पडला. चावडीवर मी तुमच्याबरोबर येते, आणि हेच सगळ्यांसमोर सांगते.”

पारूबाईने दगड घेतला. ती नुसती त्या टवक्याकडे बघत राहिली.

“ही जागा सोडावी लागेल तुला,” तात्या म्हणाले. आवाज घसरला होता. “मंडळ सोडावं लागेल.”

“ही घ्या तुमची जागा. ह्या ओसरीवर मला एक प्रश्न गिळायला लावला होता तुम्ही. पहिला चुकला तर दुसऱ्याने काय करायचं? आता मला उत्तर मिळालंय. चुकला तर सांगायचं. आणि लबाडी केली तर सगळ्यांच्या देखत सांगायचं. तुमच्या खोट्यावर ठेवायला माझा हात नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही.”

तात्यांनी मान वळवली. नियमाला दुसरा लागतोच. “मास्तर,” ते म्हणाले, “तुम्ही द्या.”

गुळवणी मास्तरांचा हात सवयीने वर आला. चौरंगाकडे गेला. चौरंग रिकामा होता. दगड पारूबाईच्या ओंजळीत होता, आणि तो मागायला तिच्यापुढे हात पसरणं भाग होतं. मास्तरांचा हात हवेत राहिला. त्यांनी मंडळींकडे चेहरा फिरवला. आयुष्यभर माना हलवत आलेले ते सगळे म्हातारे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होते.

दुजोरा कुणीच दिला नाही. पारूबाई दगड ओच्यात घेऊन पायऱ्या उतरली, आणि आश्लेषा तिच्याबरोबर चावडीकडे निघाली.

तात्पर्य: ज्या नियमाला ‘का’ विचारता येत नाही, तो खऱ्याची राखण करत नसतो, तो कुणाच्या तरी लबाडीची राखण करतो; आणि मोठ्यांचा मान राखायचा म्हणून अशा लबाडीवर हात ठेवणारा तिचा वाटेकरी असतो.