हत्तीची गोष्ट परत करा!

"गोष्ट परत करा!" शिरगोळच्या राजेसाहेबांनी हसाजी तेल्याला फर्मावलं. "आमच्या संस्थानची हत्तीची गोष्ट तुमच्या हिब्रू पुस्तकात सापडली आहे. रविवारी ती दरबारात हजर पाहिजे. आणि परत म्हणजे परत! पुस्तकात राहता कामा नये, तुमच्या डोक्यातही राहता कामा नये. नाहीतर पुस्तक चुलीत आणि तुझा घाणा जप्त!"

हसाजी घरी आला आणि डोक्याला हात लावून घाण्याशी बसला. हसाजी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला यहुदी, गावाच्या तोंडी शनवार तेली. सहा दिवस घाणा फिरायचा, शनिवारी बैलालाही सुट्टी! कोचीहून आलेल्या एका गुरुजींनी जाताना त्याला नीतीचं एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. त्याची मुलगी मिल्का ते हिब्रूतून वाचायची आणि तेलासाठी खोळंबलेल्या बायाबापड्यांना मराठीत सांगायची.

पुस्तक लिहिणारा मोठा सरळ माणूस. प्रत्येक बोधाच्या डोक्यावर त्यानं लिहून ठेवलं होतं की हा अरबांकडून ऐकला, हा ग्रीकांकडून घेतला, ही गोष्ट हिंदच्या किनाऱ्यावरून आली, मी तिला फक्त हिब्रू कपडे चढवले. या प्रामाणिकपणाचं फळ काय मिळालं? गुंडोशास्त्री!

हे दरबारचे पोथीरक्षक. तेलाची लोटी घेऊन आले, हत्तीची गोष्ट अर्धी ऐकली आणि लोटी तिथंच टाकून वाड्याकडे पळत सुटले. "महाराज, चोरी! आपल्याच पोथीतली गोष्ट! आणि चोर स्वतः कबूल करतोय!" गोष्ट कुठून आली हे लिहिणाऱ्यानं लपवलं असतं, तर शास्त्रीबुवांनीच तिला परंपरा म्हटलं असतं.

"पोरी, पान फाडून देऊ का?" हसाजीनं विचारलं.

"पान दिलंत, तरी गोष्ट डोक्यात राहणारच ना, बाबा?" मिल्काला रडूच कोसळलं. घाणा गेला तर पोट जाणार होतं. आणि पुस्तक गेलं तर? तिच्याजवळ दुसरं पुस्तकच नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या गोदाकाकू वाटी घेऊन आल्या. "मिल्के, जरा विरजण दे गं. माझं दही पार नासलं."

"अहो काकू, परवा मीच तुमच्याकडून विरजण नेलं की!"

"म्हणून तर आले! तू नेलं नसतंस, तर आज मी कुणाच्या दारात गेले असते?"

मिल्कानं डोळे पुसले. दरबारच्या भांड्यात तरी गोष्टीचं विरजण शिल्लक आहे का, ते बघायलाच हवं, असं तिच्या मनात आलं. काकूंची वाटी तिनं काठोकाठ भरली.

रविवारी बापलेक दरबारात उभे राहिले. मिल्काच्या काखेत पुस्तक होतं.

"आणलीस गोष्ट?" राजेसाहेब गरजले.

"आणली, महाराज. पण पारखून घ्या. भलतीच गोष्ट आपल्या गळ्यात पडायला नको! आधी आपली पोथी वाचून दाखवा, मग माझी ताडून बघू."

"रास्त आहे. शास्त्रीबुवा, पोथी!"

गुंडोशास्त्र्यांना घाम फुटला. "महाराज, आज तिथी बरी नाही..."

"गोष्टीला कसली आलीय तिथी? आणा!"

पोथी आली. शास्त्रीबुवा जपून जपून वाचू लागले. "एक हत्ती होता. तळ्यावर गेला, तर पाण्यात आपलंच तोंड! संतापून म्हणाला, 'चोरा, माझं तोंड परत दे!' त्यानं पाय आपटले, पाणी गढूळ केलं. गाळ खाली बसला, की तोंड पुन्हा हजर! तेव्हा काठावरचा बेडूक म्हणाला..." शास्त्रीबुवा थांबले.

"काय म्हणाला?"

"उरलेलं उद्या, महाराज."

"उद्या का? रोज वामकुक्षीला वाचताना तुम्ही इथंच थांबता!"

"रोज वामकुक्षीला आपण इथंच घोरू लागता, महाराज!"

राजेसाहेबांनी पोथी हिसकावली. उरलेली पानं भुशासारखी त्यांच्या मांडीवर सांडली. वाळवी!

"बेडूक म्हणाला असेल, महाराजांचा विजय असो!" एक मानकरी घाईघाईनं म्हणाला.

"गप्प बसा!" राजेसाहेब मिल्काकडे वळले. "पोरी, तुझ्या पुस्तकात पुढचं आहे?"

"आहे की! इथून गेली तेव्हा गोष्ट अख्खी होती. पण सांगू कशी? माझ्या डोक्यातही राहता कामा नये, असा आपला हुकूम. मी तर केव्हाची विसरायला बसलेय!"

"विसरू नकोस! हुकूम मागे घेतला!"

"आणि पुस्तक?"

"तुझं!"

"घाणा?"

"तुझ्या बापाचा! आता तरी सांग, बेडूक काय म्हणाला?"

मिल्कानं पुस्तक उघडलं. ओळीच्या उजव्या टोकापासून बोट डावीकडे नेत तिनं वाचलं, "बेडूक म्हणाला, 'महाराज, तळ्यानं तुमचं काहीच घेतलेलं नाही. चार पावलं मागे सरा, तुमचं तोंड तुमच्याबरोबरच येईल!'"

हसाजीनं भीतीनं डोळेच मिटून घेतले. राजेसाहेबांनी मांडीवरच्या भुशाकडे पाहिलं, मिल्काकडे पाहिलं आणि हळूच आपल्या गालावरून हात फिरवला.

"म्हणजे इतके दिवस पाय आपटत होतो तो मी!" असं म्हणून ते जे खदाखदा हसत सुटले, ते पगडी घसरली तरी थांबेनात. हातातलं सोन्याचं कडं उतरवून त्यांनी मिल्काला दिलं.

"आणि शास्त्रीबुवा, उद्यापासून हिच्या घाण्यावर बसायचं. आपल्या ज्या ज्या गोष्टी वाळवीनं खाल्ल्या आणि हिच्या पुस्तकात जगल्या, त्या सगळ्या लिहून आणायच्या. गोष्ट संपेपर्यंत उठायचं नाही!"

"फक्त शनिवारी येऊ नका हं, शास्त्रीबुवा," मिल्का म्हणाली. "त्या दिवशी आमच्या बैलालाही सुट्टी असते!"