गिदोन पैलवानाची मूठ

"बाई, येशू पुरुष होता की नाही? एवढंच सांगा!"

गिदोन पैलवान दारातूनच विचारत होता. एका हाताशी त्याची सहा वर्षांची पोर, रिबका. तिची आई बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि पोरीच्या केसांना तेव्हापासून फणी लागली नव्हती.

रूथबाईंनी चष्मा पुसला. आयुष्यभर त्यांनी गावोगाव बायबल शिकवलं होतं. लहानपणी गिदोनलाही.

"आधी बस. काय झालं?"

"बाजारात माझ्या सायकलीचा धक्का सर्जेरावच्या टोमॅटोच्या पाटीला लागला. त्यानं माझ्या कानाखाली वाजवली. वर म्हणतो, 'ह्या ख्रिस्ती लोकांना दुसरा गालही असतो, तोही पुढं कर की!' सगळा बाजार हसला, बाई."

"तू काय केलंस?"

"घरी आलो."

"बरं केलंस."

"काय बरं? आखाड्यातली पोरं बांगड्या भर म्हणतात! उद्या उपासना झाली की त्यांना घेऊन सर्जेरावच्या दारात जाणार. तुम्ही फक्त हो म्हणा."

फळीवरची तेलाची बाटली आणि फणी काढून बाईंनी गिदोनच्या पुढ्यात ठेवली.

"मला आता दिसत नाही नीट. पोरीचे केस तूच विंचर."

"मी? पैलवान माणसानं वेण्या घालायच्या?"

"का, झेपणार नाही?"

गिदोननं चिडून फणी उचलली. हात वर गेला...

रिबकानं डोळे गच्च मिटले. दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

हात तसाच वर राहिला.

"बाई... मी हिला कधी मारलं नाही. कधीच नाही."

"मला नको सांगू. तिला विचार."

"रिबू... का गं?"

पोर खाली बघत म्हणाली, "बाजारातून आलात तेव्हा तुम्ही दार फोडलंत ना, अप्पा."

...

गिदोन खाली बसला. तेल लावून त्यानं फणी घातली आणि ओढली. रिबका कळवळली.

"वरून नको. टोकाकडून सुरुवात कर," बाई म्हणाल्या. "आणि गुंता आला की त्याच्या वर, मुळाकडे, बट मुठीत धर. घट्ट."

"घट्ट?"

"अगदी घट्ट. तुझी सगळी ताकद तिथं लाव. मग खाली विंचर."

त्यानं तसं केलं. फणी अडली, हिसका बसला. रिबकाला काहीच कळलं नाही. ती जमिनीवर बोटानं चित्र काढत होती.

एक गुंता सुटला. मग दुसरा...

रिबकाची मान हळूहळू कलली आणि बापाच्या गुडघ्यावर टेकली. तिला झोप लागली होती.

"हिसका कुणाला बसला, गिदोन?"

"माझ्या मुठीला."

"आणि तिला?"

तो पोरीकडे बघत राहिला. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाई, मग सर्जेराव?"

"जा की त्याच्या दारावरून. मी कुठं नको म्हणते? फक्त निघण्याआधी हिच्या वेण्या घाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिबकाला खांद्यावर बसवून गिदोन पैलवान एकटाच सर्जेरावच्या दारावरून चर्चच्या देवळात उपासनेला निघाला. पैलवान येणार हे कळल्यामुळे सर्जेराव सकाळपासूनच काठी घेऊन उभा होता. सगळी गल्ली बाहेर आली होती. पोरीची एक वेणी कानावर, तर दुसरी मानेवर. कुणीतरी ओरडलं, "पैलवान, वेण्या कुणी घातल्या?" "मी घातल्या!" गिदोन गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाला, आणि सर्जेरावसमोर थांबून त्यानं रामराम केला. सर्जेरावनं काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात जोडले.