दुहेरी गाठ

एका राज्यात, जिथे नदी उलटी डोंगर चढे आणि कोणाला त्याचे नवल वाटत नसे, एक राजा होता. त्याने एका मांत्रिकाचा खजिना लुटला. मांत्रिकाने शाप दिला, "राजा, तुझी लेक ज्याच्या नजरेआड होईल, त्याच्या मनाआडही होईल."

लेकीचे नाव शाल्मली. दासी तिची वेणी घालताना फणी आणायला वळे आणि परत येऊन विचारी, आपण कोण? अर्धी वेणी शाल्मली आपली आपण पुरी करी. रोज सकाळी राणी म्हणे, "बाळ, तू कोणाची गं?" आधी ती खरे सांगत असे. राणी रडे, तिला कवटाळी, मग पाठ वळवी आणि सारे पुसले जाई. पुढे पुढे शाल्मली एवढेच म्हणू लागली, "वाट चुकले."

बागेत एक शिंपी पक्षी पान शिवत बसे. शाप जमिनीवर चालणाऱ्यांना होता, पंखवाल्यांना नव्हता. तो तिला म्हणाला, "मन विसरते, गाठ विसरत नाही. तीन धागे आण. एक लुटलेल्या धनातला, एक मायेचा, एक परक्याने फुकट दिलेला. त्यांचा दोरा गुंफ आणि त्या परक्याच्या मनगटी बांध. तुला आठवून तो माघारी आला, तर शाप तुटेल. मात्र सोन्याला बोट लावू नकोस."

खजिन्यावर नाग होता. त्याने फणा काढला, क्षणभर मान वळवली आणि तिला विसरला. सोन्यावरच्या रेशमी शेल्यातून तिने तांबडा धागा उसवला. नागानेही आपल्याला विसरावे, याचे तिला वाईट वाटले.

राणीच्या पेटीत कशिद्याचे एक दुपटे होते. शाल्मलीने त्यातला एक धागा मागितला. राणी म्हणाली, "हे कोणासाठी भरले, आठवत नाही. पण देववत नाही."

"एकच धागा, राणीसरकार," लेक म्हणाली.

राणीने पिवळा धागा आपल्या हाताने काढून दिला आणि उगाच डोळे पुसले.

नदीकाठी रंगाऱ्याची लेक सगुणा रंगवलेल्या सुताच्या लड्या वाळवत होती. शाल्मलीने निळा धागा मागितला. सगुणा म्हणाली, वाऱ्याने तुटतातच, ने. नावही विचारले नाही.

धाग्यांची टोके पायाच्या अंगठ्याला बांधून शाल्मली घाटावर बसली. एक धागा ताणायचा, दुसरा त्याच्याभोवती फिरवून वर ओढायचा, आणि तीच गाठ पुन्हा. एकेरी गाठ सरकते, दुहेरी बसते. बोटे सोलली, तरी ती उठली नाही. दोरा पुरा झाल्यावर तिने तो सगुणाच्या मनगटी बांधला आणि आपले नाव सांगितले. सगुणा हसली, लड्या खांद्यावर टाकून वळली आणि दिसेनाशी झाली.

शाल्मली बसून राहिली. माणसे आली, पाणी भरून गेली. तिला रडूही येईना.

ऊन कलले तेव्हा पावले वाजली. सगुणा हातात तीन धागे घेऊन उभी होती.

"शाल्मली," ती म्हणाली, "माझ्या हाती बांधलास, तुझे मनगट रिकामेच राहिले की. मला गाठ येत नाही. शिकव."

शाल्मलीने हात पुढे केला.

त्याच घडीला महालात राणीने लेकीच्या नावाने हाक मारली आणि अनवाणी नदीकडे धावली. राजाने खजिना स्वतः वाहून मांत्रिकाच्या दारी ठेवला. सगुणाच्या पहिल्या गाठी वाकड्या आल्या. शाल्मलीने त्या सोडू दिल्या नाहीत.

तिला जसे कोणी भेटले, तसे साऱ्या एकट्या जिवांना भेटो.