गेनूनं जाऊ दिलेला विचार

एका गावात एक भोळा गेनू होता. भोळा म्हणायचं ते त्याच्या आईच्या भिडेखातर. बाकी गाव त्याला सरळ ठोंब्या म्हणे. तिशी उलटली, तरी त्याला मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं आणि आईला तोच एक घोर होता.

त्या गावात शहरातून एक प्राध्यापक आले. अंगावर कोड असलेल्या माणसाबद्दल मनात वाकडा विचार आला, तर लोक तो धरून बसतात की सोडून देतात, हे त्यांना मोजायचं होतं. 'असले विचार आमच्या मनात येतच नाहीत,' असं अख्ख्या गावानं छातीठोक लिहून दिलं. खोटारडे मेले! आणि प्रश्नांचे कागद वाटायला प्राध्यापकांनी गेनूला धरलं, तेव्हा त्यांचीही अक्कल दिसलीच.

"लोकांना सांग गेनू, मनातलं लपवू नका. मोकळेपणी बोला."

"बरं," गेनू म्हणाला आणि पाटलांकडे गेला.

"पाटील, तुमी चोर हाय, असं माझ्या मनात आलंय."

पाटलांनी जोडा काढला.

"अरे गाढवा," प्राध्यापक म्हणाले, "विचार आला की त्याच्या मागं धावायचं नसतं. येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा."

"बरं."

दुसऱ्या दिवशी शेजारची गाय दावं तोडून प्राध्यापकांच्या ओसरीवर चढली. 'आता ही कागद खाणार,' असा विचार गेनूच्या मनात आला. त्यानं तो येऊ दिला, जाऊ दिला. गाईनं निम्म्या गावाचं मन फस्त केलं.

"अरे बैला, असं काही दिसलं की बोंब मारायची! माणसं गोळा करायची!"

"बरं."

तेवढ्यात आईनं कुठूनशी हिरा नावाची मुलगी शोधून काढली. चार शब्द नीट बोलणारं कोणीतरी हवं, म्हणून बघायला जाताना आईनं प्राध्यापकांनाही नेलं. हिरा पोहे घेऊन आली. गेनूला ती बघताक्षणी आवडली, अगदी मनापासून. तिलाही हा हसरा गडी बरा वाटला. मग बशी घेताना त्याला तिच्या मनगटावर पांढरा डाग दिसला.

"धावा! धावा! कोड!"

सगळी आळी गोळा झाली. हिराच्या बापानं तिघांनाही उंबऱ्याबाहेर काढलं. आई तिथंच रडायला लागली. हिरा मात्र आत गेली नाही. डोळे पुसत दारात उभी राहिली.

"अजून थांबलीय ती!" प्राध्यापक ओरडले. "जा, माफी माग! तुला लग्न करायचं नाही का तिच्याशी?"

"करायचंय की," गेनू म्हणाला. "मघाधरनं त्योच इचार येतोय. चारदा आला. चारीबी येळा जाऊ दिला."