गुरुजींचं बोट

"आणि हे बटण सरकवलं की काय होतं रे?" रोहिदासचा फोन हातात धरून गभाले गुरुजींनी विचारलं.

"सरकवून तर बघा!" रोहिदास म्हणाला.

स्वारी खुशीत होती. कमी पटाच्या शाळा बंद करायचं नवं धोरण आलं होतं, कुणाच्या बापालाही कळणार नाही असं जाडजूड. रोहिदासने त्याची वेबसाइट केली होती. नकाशात प्रत्येक शाळेचा एक दिवा, खाली एक पट्टी, पट्टीवर सरकणारं बटण. बटण ज्या आकड्यावर नेऊ, त्याहून कमी मुलं असलेल्या शाळांचे दिवे विझायचे. उद्या शहरात साहेब लोक हे बघून निर्णय घेणार होते. पण पहिला मान गुरुजींचा, म्हणून पठ्ठ्या आज वाडीवर आला होता. इथल्याच शाळेत गुरुजींनी हात धरून त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती.

गुरुजींनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि बटण मागे ओढलं. दिवे भराभर लागले.

"वा! लहान पोरालाही कळेल असं केलंस."

रोहिदास चक्क लाजला.

"आपली शाळा कुठंय यात?" बोट उचलत गुरुजींनी विचारलं.

"असेल की इथंच..."

त्याला शोधावी लागली. सगळ्या जिल्ह्याचे दिवे मांडले होते त्याने, हा एक कधी बघितलाच नव्हता.

"ही बघा."

दिवा विझलेला होता.

गुरुजींनी बटण मागे ओढलं. दिवा लागला. बोट उचललं. दिवा विझला.

पुन्हा ओढलं. पुन्हा तेच.

"बिघडलंय का रे?"

"नाही गुरुजी, मीच तसं केलंय. बोट उचललं की बटण आपोआप धोरणातल्या आकड्यावर जातं. म्हणजे बघणाऱ्याचा गोंधळ होत नाही."

"अस्सं... आणि इथली पोरं?"

"ती खिंडीपलीकडच्या शाळेत जा..."

रोहिदास मध्येच थांबला. स्कॉलरशिपच्या परीक्षेला जाताना ती खिंड त्याला चढता आली नव्हती. रडायला लागला होता. गुरुजींनी त्याला खांद्यावर घेतलं होतं.

"खिंड दिसत नाही वाटतं यात," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

गुरुजींनी बटण पुन्हा मागे ओढलं. वाडीचा दिवा लागला. या वेळी त्यांनी बोट तिथंच ठेवलं.

आतून काकूंनी हाक मारली. भाकऱ्या निवत होत्या.

"गुरुजी, ठेवा आता फोन. जेवायला चला."

गुरुजी हलले नाहीत. दुसरा हात तेवढा त्यांनी रोहिदासच्या पाठीवरून फिरवला.

"तू जेव, बाळा... मी बसतो धरून."